अर्धे तिकीट, अर्धी वाट

माणसाच्या आयुष्यात अर्धे तिकीट दोनदा येते. पहिल्यांदा ते पाचव्या वर्षी येते आणि बाराव्या वर्षी संपते. दुसऱ्यांदा येते तेव्हा केस पांढरे झालेले असतात. पहिल्या खेपेस आई मुलाला, ‘कंडक्टरनं विचारलं तर अकरा सांग हं,’ असे बजावून गाडीत चढविते. दुसऱ्या खेपेस वय लपविण्याचे कारण उरत नाही. उलट ते कागदाने सिद्ध करून द्यावे लागते. मुलाचे वय वाहकाला नजरेने ठरविता येते. म्हाताऱ्या माणसाचे मात्र, तोंडावर सुरकुत्यांचे जाळे पसरलेले असूनही, कार्डावरच्या आकड्यावाचून मान्य होत नाही.

या आकड्याचीही एक गंमत आहे. खेड्यापाड्यांतून आज सत्तरी-पंचाहत्तरीला आलेल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. मुलाला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे. मग मास्तर मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानापर्यंत पोहोचतो का ते पाहत आणि शाळा उघडण्याच्या सुमाराची १ जून ही तारीख दाखल्यावर घालून टाकीत. मास्तरांच्या त्या एका फटकाऱ्यावर आज एखाद्या वृद्धाची सवलत एक वर्ष अलीकडे येते किंवा पलीकडे जाते. योगायोग असा की, एस.टी.चा जन्मही १ जूनचाच. १९४८ साली त्या दिवशी पुण्याहून अहमदनगरला – ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे – पहिली गाडी सुटली.

सरकारने प्रवासी वाहतूक आपल्या हाती का घेतली, याचा विचार या विषयाच्या मुळाशी आहे. त्यापूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी धावत नव्हत्या असे नाही. परंतु भरपूर उतारू मिळेल त्या रस्त्यावर त्या धावत आणि उतारू भरल्यावर सुटत. जिथे चारच माणसे मिळतात त्या गावीही ठरलेल्या वेळी गाडी गेली पाहिजे, हे तत्त्व सरकारी वाहतुकीबरोबर आले. निजामाच्या राज्यात ही गोष्ट आणखी आधी, १९३२ साली सुरू झाली. रेल्वेखात्याला जोडूनच तेथे मोटार वाहतुकीचे खाते निघाले आणि मराठवाड्यातील लोकांनी पहिली सरकारी बस पाहिली ती हैदराबादची. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ पर्यंत मराठवाड्याची व नागपूरकडची वाहतूक मिळून आजचे राज्य परिवहन महामंडळ झाले. गुजरातचे महामंडळ १ मे १९६० चे. गोव्याचे कदंब महामंडळ १९८० मधले, म्हणजे त्या मानाने धाकटे.

अशा संस्थेने भाडे कसे आकारावे? एस.टी.चे गणित टप्प्यांवर चालते. एक टप्पा सहा किलोमीटरांचा. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले तेव्हा साध्या गाडीचा टप्पा सुमारे दहा रुपयांवर गेला. म्हणजे साठ किलोमीटरांवरील जिल्ह्याच्या गावी जाऊन यायचे तर दोनशे रुपयांची नोट मोडली. कमावत्या माणसाला ही रक्कम डोईजड होत नाही. पण ज्या म्हातारीच्या हाती मुलाने देईल तेवढाच पैसा, तिच्या बाबतीत या दोनशे रुपयांवर पुष्कळ गोष्टी ठरतात. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की लगेच जायचे, की पुढच्या बाजाराला कोणी जाईल तेव्हा मागवायच्या. मोतीबिंदू दाखवायचा, की ‘दिसतंय अजून’ म्हणून आणखी एक पावसाळा काढायचा. सवलतीला करमणुकीची खैरात समजणाऱ्यांनी सकाळच्या पहिल्या गाडीतील उतारूंच्या हातांतल्या पिशव्या पाहाव्यात. त्यांपैकी अनेक पिशव्यांतून दवाखान्याचे कागद डोकावत असतात.

तरीही सवलतीविरुद्धचा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. एकाला फुकट नेले तर त्याचे भाडे दुसऱ्याच्या खिशातून जाते, असा तो आक्षेप आहे. इंग्लंडात तो थेट न्यायालयात गेला होता. बर्मिंगहॅम शहराच्या नगरपालिकेने सत्तरीपुढील पुरुषांना आणि पासष्टीपुढील स्त्रियांना आपल्या बसगाड्यांतून फुकट प्रवास देऊ केला. प्रेस्कॉट नावाच्या एका करदात्याने त्याविरुद्ध दावा लावला. १९५४ च्या अखेरीस अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. नगरपालिका ही करदात्यांच्या पैशाची विश्वस्त आहे. केवळ दयाबुद्धीने एका वर्गाला देणगी देण्याचा अधिकार कायद्याने तिला दिलेला नाही, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने निकालात खोट काढणे कठीण होते. तथापि म्हाताऱ्यांचे पास असे काढून घेणे लोकांना रुचले नाही आणि पुढच्याच वर्षी, १९५५ साली, पार्लमेंटने कायदा करून आधीपासून चालत आलेल्या सवलतींना आधार दिला. १९६४ च्या कायद्याने नगरपालिकांना हे अधिकार अधिक मोकळेपणाने मिळाले.

या प्रकरणातून एक गोष्ट निघते. सवलत द्यावी की नाही हा प्रश्न वाहतूक करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या गल्ल्यातून सोडवायचा नसतो. तो समाजाने, म्हणजे सरकारने, आपल्या तिजोरीतून सोडवायचा असतो. महाराष्ट्रात तत्त्व म्हणून हेच मान्य झालेले आहे. सवलतीमुळे एस.टी.चे जेवढे भाडे बुडते तेवढे राज्य सरकारने तिला भरून द्यावयाचे. व्यवहारात ही रक्कम वेळेवर न पोहोचल्याने पगाराची ओढाताण झाल्याचे प्रसंग पुनःपुन्हा आले. दातृत्वाची घोषणा सरकारने करावी आणि उधारी महामंडळाने सोसावी, हा प्रकार काही बरा नव्हे. शेवटी या ओढाताणीचा राग निघतो तो गाडीत बसलेल्या म्हाताऱ्यावर. ‘फुकटवाले फार झाले,’ हे वाक्य त्याला ऐकून घ्यावे लागते.

महाराष्ट्रातील सवलती आज आहेत त्या अशा : पासष्ट वर्षे पुरी झाली की अर्धे तिकीट. पंचाहत्तरी ओलांडली की तिकीटच नाही. ही ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. मार्च २०२३ पासून सर्व वयांच्या स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. अपंगांना साध्या गाडीत पंचाहत्तर टक्के सूट आहे आणि अपंगत्व पासष्ट टक्क्यांहून अधिक असेल तर सोबतच्या माणसालाही अर्धे तिकीट पडते. ही शेवटची तरतूद ज्याने सुचविली त्याने माणसे पाहिलेली असावीत. आंधळ्या किंवा चालता न येणाऱ्या माणसाला एकट्यालाच सवलत देणे म्हणजे निम्मी सवलत नाकारण्यासारखेच असते. कर्करोग, क्षय, कुष्ठरोग या आजारांच्या रुग्णांना सवलती आहेतच. पुढे त्यांत सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसचे रुग्ण यांचीही भर पडली.

एवढे वाचून एखादा म्हणेल की आता तक्रार कसली? तक्रार आहे ती सीमेवरची. ज्यांची घरे महाराष्ट्रात आणि नातीगोतीही महाराष्ट्रातच, त्यांना ती सहसा जाणवत नाही. बेळगाव, निपाणी, हैदराबाद, बडोदे, इंदूर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला मात्र ती प्रत्येक प्रवासात भेटते.

बेळगावाहून कोल्हापूर सुमारे एकशे दहा किलोमीटर. त्यांतील मोठा भाग, अगदी कोगनोळीपर्यंत, कर्नाटकात मोडतो. कागलपासून पुढे उरतो तो वीस किलोमीटरांच्या आसपासचा तुकडा महाराष्ट्राचा. समजा, शहात्तर वर्षांचे एक आजोबा कोल्हापूरला मुलीकडे निघाले आणि महाराष्ट्राच्या गाडीत बसले. त्यांना वाटते, पंचाहत्तरी उलटली, आता तिकीट नाही. वाहक सांगतो, ‘आजोबा, फुकट महाराष्ट्राच्या हद्दीत. हद्दीपर्यंतचं तिकीट काढायला लागंल.’ वाहकाचे काही चुकत नाही. योजनाच राज्याच्या हद्दीपुरती आहे. त्याऐवजी ते कर्नाटकाच्या गाडीत बसले असते तर तेथील नियम निराळा : साठ वर्षांवरील उतारूला पंचवीस टक्के सूट. म्हणजे वय एकच, रस्ता एकच, पण गाडीचा रंग बदलला की म्हातारपणाची किंमत बदलते.

आजीबाईंची कथा आणखी वेगळी. कर्नाटकाच्या ‘शक्ती’ योजनेने ११ जून २०२३ पासून त्या राज्याच्या रहिवासी स्त्रियांना साध्या गाड्यांतून विनातिकीट प्रवास मिळतो. परंतु तो राज्यातल्या राज्यात. तेव्हा पैसे वाचवायचे तर बेळगावाहून निपाणीपर्यंत कर्नाटकाच्या गाडीने फुकट यावे, तेथे गाठोडे घेऊन उतरावे आणि कोल्हापूरची दुसरी गाडी धरावी. तरुण बाईला यात विशेष काही नाही. गुडघे धरलेल्या आजीला मात्र एकदा उतरणे आणि पुन्हा चढणे हे अख्ख्या प्रवासाहून जड जाते. ज्यांच्यासाठी सवलत सर्वांत गरजेची, त्यांनाच ती मिळविण्याचे कष्ट सर्वांत अधिक, असा हा उलटा हिशेब आहे. सीमाभागातील माणसे उपचारासाठी मिरजेला आणि कोल्हापूरला जात आली आहेत. ही वहिवाट राज्यांच्या पुनर्रचनेपूर्वीची आहे. आजाराला १९५६ सालची सीमा कळत नाही.

हैदराबादेतही असेच. तेलंगणाने ९ डिसेंबर २०२३ पासून आपल्या राज्यातील स्त्रियांना साध्या आणि एक्सप्रेस गाड्यांत मोफत प्रवास दिला, तो राज्याच्या सीमेपर्यंत. नांदेडच्या किंवा लातूरच्या माहेरी निघालेल्या वृद्धेला सीमेपुढे पिशवी चाचपावी लागते.

इंदूर आणि ग्वाल्हेरकडच्या श्रोत्यांना मात्र ही सारी चर्चा परक्या घरची वाटेल. मध्य प्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ २००५ साली बंद करण्याचे ठरविले आणि सरकारी गाडी रस्त्यावरून नाहीशी झाली. इंदूर शहरात नगर बससेवा चांगली उभी राहिली, पण गावोगावचा प्रवास खाजगी मालकांच्या हाती गेला. सवलत मागायची ती कोणाजवळ? मालक म्हणतो, मला सरकार काय भरून देते? त्याचे म्हणणेही सर्वस्वी खोटे नाही. एप्रिल २०२५ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने सरकारी देखरेखीखाली बससेवा पुन्हा उभारण्याच्या योजनेला मान्यता दिली. वीस वर्षांनंतर सुचलेले हे शहाणपण आहे. या वीस वर्षांत जे सत्तरीचे नव्वदीला पोहोचले, त्यांचा प्रवास अर्थातच संपत आला. गोव्यातही बसवाहतुकीचा मोठा भाग खाजगी गाड्यांचाच. तेथे वाहकाची कमाई उतारूंच्या संख्येवर अवलंबून, म्हणून काठी टेकीत येणाऱ्या माणसासाठी गाडी अर्धा मिनिट थांबविणे त्याच्या जिवावर येते. सवलतीचा अर्थ केवळ पैशांत मोजणारांनी हा अर्धा मिनिटही हिशेबात धरावा.

पायरीचा प्रश्न तर तिकिटाहून मोठा. सरकारी कागदांतून ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. शब्द बदलला हे चांगलेच झाले, पण बहुतेक गाड्यांची पायरी आहे तेवढ्याच उंचीवर राहिली. शहरांतील खालच्या तळाच्या गाडीचे जोते जमिनीपासून चारशे मिलिमीटर, म्हणजे हाताने सुमारे वीतभर-दोन वीत, असते आणि ती पदपथाला टेकून उभी राहिली तर चाकाची खुर्ची आत नेता येते. लांब पल्ल्याच्या लाल गाडीचे जोते याच्या दुपटीहून उंच. पहिली पायरी गुडघ्याशी, हाती धरायला कठडा अरुंद, मागून लोटणारी गर्दी. पाय नसलेल्या माणसाला तुम्ही पंचाहत्तर टक्के नव्हे, शंभर टक्के सूट दिलीत तरी ती तो फलाटावर बसूनच उपभोगणार! केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१९ च्या डिसेंबरात दुरुस्ती होऊन १ मार्च २०२० पासून बांधल्या जाणाऱ्या बसगाड्यांत राखीव आसने, धरण्यासाठी दांडे, कुबड्या-काठ्या अडकविण्याची सोय आणि चाकाची खुर्ची आत घेऊन पक्की करण्याची व्यवस्था असावी असे ठरले. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचाही रोख तोच. नियम उत्तम आहेत. नव्या गाड्या येतील तसतसे ते रस्त्यावर दिसू लागतील. तोवर जुन्या गाडीत फलाटाची उंची वाढविणे किंवा स्थानकावर एक लाकडी पायरी ठेवणे हा उपाय स्थानकप्रमुखाच्या आवाक्याबाहेरचा नाही.

राखीव आसनांविषयी एवढेच की, त्यांवर बसलेल्या तरुणाला उठविण्याचे काम वाहकाचे आहे, काठी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचे नव्हे. मोफत प्रवासाने गाड्यांतील गर्दी वाढली. कर्नाटकात ती ओळखून निम्मी आसने पुरुषांसाठी राखली गेली. पण म्हाताऱ्यांना गर्दीत बसायला मिळाले नाही तर त्यांच्या बचतीचा उपयोग पाय चेपून घेण्यावर व्हायचा.

रेल्वेकडे पाहिले तर चित्र नेमके उलटे दिसते. साठीपुढील पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांपुढील स्त्रियांना पन्नास टक्के अशी सवलत रेल्वे देत असे. साथीच्या काळात, २० मार्च २०२० रोजी, ती काढून घेण्यात आली. लोकांनी विनाकारण प्रवास करू नये, असे त्या वेळी सांगितले गेले. साथ गेली, सवलत मात्र २०२५ सालापर्यंत परत आलेली नव्हती. अपंगांची सवलत रेल्वेने ठेवली आहे आणि तिच्यात सोबत्याचाही समावेश आहे. या सवलतीचा एक गुण बसगाड्यांनी घेण्याजोगा आहे : तिला राज्याची सीमा आडवी येत नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाच्या मधून महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द जाते. तिथे फलाटाच्या कोणत्या टोकाला उभे राहून डब्यात चढावे, याचा विचार कोणा अंध प्रवाशाला करावा लागत नाही.

बसच्या बाबतीत हे का जमू नये? गुजरातने अपंगांना आपल्या एस.टी.त मोफत प्रवास दिला आहे. कर्नाटक अपंगांना वर्षाला ६६० रुपयांत राहत्या घरापासून शंभर किलोमीटरांपर्यंतचा पास देते आणि अंधांना राज्यभर मोफत नेते. महाराष्ट्राची सूट वर सांगितलीच. म्हणजे सर्वांचीच देण्याची इच्छा आहे. फक्त प्रत्येकाचा हात आपल्या कुंपणापाशी थांबतो. ओळख पटविण्याची अडचणही आता उरलेली नाही, कारण अपंगत्वाचे केंद्रीय ओळखपत्र भारतभर मान्य आहे आणि आधार कार्डावर वय असतेच. ज्येष्ठत्वाची व्याख्याही केंद्राच्या २००७ च्या आई-वडिलांच्या निर्वाहाच्या कायद्यात साठ वर्षे अशी एकच आहे. एका राज्याने साठ आणि दुसऱ्याने पासष्ट धरणे हा केवळ खर्चाचा हिशेब आहे, वार्धक्याचा नव्हे.

इंग्लंडचेच उदाहरण पुन्हा घ्यावयाचे तर, तेथेही कित्येक वर्षे म्हाताऱ्यांचा पास आपापल्या जिल्ह्यापुरता चाले आणि हद्द ओलांडली की पैसे टाकावे लागत. २००७ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २००८ पासून कोणत्याही गावचा पास साऱ्या इंग्लंडभर चालू लागला. वेल्स आणि स्कॉटलंड यांची व्यवस्था मात्र वेगळीच राहिली, तेव्हा त्यांनाही कुंपण सर्वस्वी मोडता आले नाही हे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडे दोन राज्यांच्या गाड्या एकमेकांच्या हद्दीत धावतात त्या काही स्नेहभावाने नव्हे. मोटार वाहन कायद्याखाली राज्याराज्यांत लेखी करार झालेले असतात. कोणत्या मार्गावर कोणाच्या किती गाड्या, कोणी दुसऱ्याच्या हद्दीत किती किलोमीटर धावायचे, याचा काटेकोर हिशेब त्यांत असतो. किलोमीटरांची अशी देवाणघेवाण करणाऱ्यांना सवलतींची देवाणघेवाण कठीण वाटू नये. ज्या राज्याची गाडी त्या राज्याची सवलत शेवटच्या थांब्यापर्यंत, एवढे एक कलम त्यात घातले तरी पुष्कळ काम होईल. तिकीट-यंत्र आता प्रत्येक सवलतीची स्वतंत्र नोंद ठेवते, त्यामुळे कोणी कोणाला किती देणे लागतो हे महिन्याच्या महिन्याला काढता येईल. खर्च वाढेल हे खरे, पण कितीसा? आंतरराज्य गाड्या एकूण गाड्यांच्या मानाने थोड्या आणि त्यांतून हद्द ओलांडणारे वृद्ध व अपंग उतारू त्याहूनही थोडे. सगळ्याच राज्यांना एकदम तयार होणे जमले नाही तर निदान बेळगाव-कोल्हापूर, बिदर-लातूर अशा जवळच्या मार्गांवर सुरुवात करता येईल, आणि सवलत प्रथम अपंगांना व त्यांच्या सोबत्यांना देता येईल, कारण त्यांची संख्या सर्वांत कमी आणि नड सर्वांत मोठी.

हे करार वेळोवेळी नव्याने होतात व त्यांचे मसुदे सूचना आणि हरकतींसाठी राजपत्रात प्रसिद्ध करावे लागतात. मुदतीत आलेल्या हरकती सरकारला ऐकून घ्याव्या लागतात. आजवर अशा हरकती बहुधा गाड्यांचे मालक आणि वाहतूक संघ घेत आले. सीमाभागातील ज्येष्ठ नागरिक संघ, अपंगांच्या संस्था आणि ग्रामपंचायती यांनाही तो अधिकार तितकाच आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यावर मार्गाचे नाव, हद्दीपर्यंतचे व हद्दीपुढचे भाडे आणि बदलावी लागणारी गाडी एवढे लिहून पाठविले तरी पुरे.